गरीब-साहाय्य, इंग्लंडमधील (सोळावे ते अठरावे शतक)

वृद्ध, आजारी, अपंग, विधवा, अनाथ मुले व बेकार मजूर यांच्या निर्वाहासाठी सोळाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये राज्यसंस्था आणि स्थानिक समाज यांनी मिळून उभारलेली व्यवस्था. ही व्यवस्था ‘पुअर लॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांच्या मालिकेवर आधारलेली होती. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा कायदा १६०१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत संमत झाला. मध्ययुगात दानधर्म हे दात्याच्या पुण्यप्राप्तीचे साधन मानले जाई आणि घेणाऱ्याला त्यावर कोणताही हक्क सांगता येत नसे. या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीवर, आपल्या निर्धनांचा भार सक्तीच्या करातून उचलण्याची जबाबदारी टाकली. संपूर्ण राष्ट्राला लागू असलेली आणि करावर चालणारी अशी व्यवस्था त्या काळात युरोपातील अन्य कोणत्याही मोठ्या देशात इतक्या व्यापक प्रमाणात रुजली नाही. तथापि मदत व शिक्षा, दया व धाक ही दोन्ही अंगे तीत प्रारंभापासून एकत्र नांदत होती.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये निर्धनांना मठ, धर्मशाळावजा रुग्णालये, व्यावसायिकांचे संघ आणि धनिकांची दारे यांचा आधार असे. चौदाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या प्लेगच्या साथीनंतर मजुरांचा तुटवडा निर्माण झाला आणि मजुरीचे दर वाढले. ते रोखण्यासाठी १३४९ चा अध्यादेश व १३५१ चा कायदा करण्यात आला. धडधाकट भिकाऱ्यांना भीक घालण्यासही १३४९ च्या अध्यादेशाने बंदी केली. १३८८ च्या कायद्याने मजुरांच्या स्थलांतरावर निर्बंध घातले आणि काम करण्यास असमर्थ असलेल्या भिकाऱ्यांचा वेगळा विचार केला. ‘असमर्थ’ व ‘धडधाकट’ हा भेद पुढील पाच शतकांच्या सर्व धोरणांच्या मुळाशी राहिला.

सोळाव्या शतकात या प्रश्नाचे स्वरूप पालटले. इंग्लंडची लोकसंख्या १५४१ मध्ये सुमारे २८ लाख होती. ती १६०१ मध्ये सुमारे ४१ लाखांवर गेली. अन्नधान्याचे भाव मजुरीपेक्षा कितीतरी वेगाने चढले आणि मजुरांचे वास्तव उत्पन्न घटले. काही भागांत शेतजमिनींना कुंपणे घालून तेथे मेंढपाळी सुरू झाल्याने लहान कुळे विस्थापित झाली. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ विसर्जित केले, त्यामुळे त्यांच्याकडून होणारे अन्नदान व रुग्णसेवाही संपली. मठांच्या विसर्जनामुळेच दारिद्र्य वाढले, असे पूर्वी मानले जाई. परंतु मठांच्या उत्पन्नाचा अल्प भागच दानधर्मावर खर्च होत असल्याने ते एकमेव किंवा प्रमुख कारण नव्हते, असे आता सर्वसाधारणपणे मानतात. लोकसंख्यावाढ, भाववाढ व हंगामी रोजगार यांचा परिणाम अधिक दूरगामी होता.

युरोपातील नगरांचे प्रयोग : असेच प्रश्न युरोपातील अन्य नगरांपुढेही उभे राहिले होते. न्यूरेंबर्ग व विटेनबर्ग येथे १५२२ मध्ये, तर ईपर येथे १५२५ मध्ये भीक मागण्यावर निर्बंध घालून गरिबांसाठी सामाईक निधी स्थापन करण्यात आला. स्पॅनिश मानवतावादी विचारवंत ह्वान लुईस व्हिव्हेस याने १५२६ मध्ये ब्रूज नगराच्या अधिकाऱ्यांना उद्देशून या विषयावरील आपला लॅटिन ग्रंथ लिहिला. गरिबांची गणना करावी, काम करू शकणाऱ्यांना काम द्यावे, मुलांना शिकवावे आणि निधीचा हिशेब नगरशासनाने ठेवावा, असे त्याचे प्रतिपादन होते. लिआँ येथे १५३४ मध्ये अशी संस्था कायमस्वरूपी झाली. प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा दोन्ही प्रकारच्या नगरांत हे प्रयोग झाले. त्यामुळे ती केवळ धर्मसुधारणेची निष्पत्ती म्हणता येत नाही. त्यांना विरोधही झाला. दोमिंगो दे सोतो या स्पॅनिश धर्मपंडिताने १५४५ मध्ये, भीक मागण्याचा गरिबाचा अधिकार काढून घेणे अन्याय्य आहे, अशी भूमिका मांडली.

इंग्लंडमध्येही पुढाकार प्रथम नगरांनी घेतला. लंडनने १५४७ मध्ये गरिबांसाठी सक्तीचा कर बसविला आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या मोठ्या धर्मादाय संस्थांत कामाची विभागणी केली. सेंट बार्थॉलोम्यू व सेंट टॉमस ही रुग्णालये आजाऱ्यांसाठी, क्राइस्ट्स हॉस्पिटल अनाथ मुलांसाठी, बेथलेम मनोरुग्णांसाठी, तर ब्राइडवेल हा जुना राजवाडा भटक्यांना कामास लावण्यासाठी होता. ब्राइडवेल हे नाव पुढे अशा सर्व सुधारगृहांसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाले. नॉरिच नगराने १५७० मध्ये आपल्या गरिबांची घरोघर जाऊन गणना केली. तीत सुमारे २,३०० स्त्री-पुरुष-मुलांची वये, व्यवसाय, प्रकृती व घरांची स्थिती नोंदविण्यात आली. या गणनेतील अनेक जण काम करीत असूनही गरीब होते. सूत कातून किंवा विणकाम करून मिळणाऱ्या कमाईत त्यांचे पोट भरत नव्हते. दारिद्र्य हे आळसाचे फळ आहे, या प्रचलित समजुतीला या नोंदींनी मूक उत्तर दिले.

ट्यूडर काळातील कायदे : संसदेने केलेल्या कायद्यांत मदतीपेक्षा शिक्षेचा भाग आधी आला. १५३१ च्या कायद्याने असमर्थ भिकाऱ्यांना ठरावीक भागात भीक मागण्याचे परवाने दिले, तर धडधाकट भटक्यांना फटके मारून जन्मगावी परत पाठविण्याची तरतूद केली. १५४७ चा कायदा सर्वांत कठोर होता. काम नाकारणाऱ्या भटक्याला डाग देऊन दोन वर्षे गुलाम करावे, असे त्यात म्हटले होते. परंतु तो अंमलात आणणे अशक्य ठरून तीन वर्षांच्या आतच रद्द झाला. दुसरीकडे १५५२ मध्ये प्रत्येक पॅरिशने आपल्या गरिबांची नोंद ठेवून वर्गणी गोळा करावी, असे ठरले. वर्गणी नाकारणाऱ्याचे प्रथम धर्मोपदेशकाने व नंतर बिशपने मन वळवावयाचे होते. उपदेश पुरा पडेना, तेव्हा १५६३ मध्ये अशा व्यक्तीवर न्यायाधिकाऱ्यांनी रक्कम बसवावी, असे ठरविण्यात आले. १५७२ मध्ये वर्गणीऐवजी सरळ कर आकारण्याची तरतूद झाली. स्वेच्छेच्या दानाचे सक्तीच्या करात झालेले हे रूपांतर वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने घडले. १५७६ च्या कायद्याने बेकारांना काम देण्यासाठी लोकर, ताग, लोखंड इत्यादी कच्च्या मालाचा साठा ठेवण्यास सांगितले. काम करण्याची इच्छा असूनही काम न मिळणारा मनुष्य असू शकतो, याची ही अप्रत्यक्ष कबुली होती.

१५९४ ते १५९७ अशी चार वर्षे पिके बुडाली. धान्याचे भाव भडकले, काही भागांत उपासमारीने मृत्यू झाले आणि १५९६ मध्ये ऑक्सफर्डशर परगण्यात उठावाचा एक फसलेला प्रयत्नही झाला. या पार्श्वभूमीवर १५९७-९८ च्या संसदेने पूर्वीचे विखुरलेले कायदे एकत्र करून नवी रचना केली. तीच किरकोळ फेरफारांसह १६०१ मध्ये पुन्हा संमत करण्यात आली.

१६०१ चा कायदा : या कायद्यान्वये प्रत्येक पॅरिशमध्ये चर्चचे दोन वा अधिक विश्वस्त आणि दोन ते चार प्रतिष्ठित गृहस्थ यांची ‘गरिबांचे पर्यवेक्षक’ म्हणून दरवर्षी ईस्टरच्या सुमारास नेमणूक होई. हे काम विनावेतन व बंधनकारक होते. पर्यवेक्षकांनी पॅरिशमधील जमीन व घरे यांच्या धारकांवर कर बसवावा, त्यातून असमर्थांना निर्वाहमदत द्यावी, बेकारांना कामाचे साहित्य पुरवावे आणि ज्यांचे पालनपोषण आईबाप करू शकत नाहीत अशा मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून एखाद्या कुटुंबाकडे सोपवावे, अशी त्यांची कर्तव्ये होती. मुलगे वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत, तर मुली एकविसाव्या वर्षापर्यंत किंवा विवाहापर्यंत अशा उमेदवारीत बांधल्या जात. आईबाप, आजीआजोबा व मुले यांच्यावर ऐपतीप्रमाणे परस्परांच्या पोषणाची जबाबदारी टाकण्यात आली होती. एखाद्या पॅरिशला भार पेलवेनासा झाल्यास शेजारच्या पॅरिशवर कर बसविता येई. ‘जस्टिस ऑफ द पीस’ या नावाने ओळखले जाणारे स्थानिक न्यायाधिकारी पर्यवेक्षकांची नेमणूक करीत आणि त्यांचे हिशेब तपासत. कर न देणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याचा व त्यास तुरुंगात टाकण्याचा अधिकारही कायद्याने दिला होता.

म्हणजेच राज्यसंस्थेने नियम केले, परंतु त्यासाठी पैसा वा नोकरवर्ग पुरविला नाही. कर देणारे, तो गोळा करणारे व मदत घेणारे एकाच गावात राहत आणि एकमेकांना नावाने ओळखत. या व्यवस्थेचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा या एकाच गोष्टीतून निर्माण झाल्या.

अंमलबजावणी : कायदा झाला तरी तो देशभर रुजण्यास बराच काळ लागला. अनेक गावे चर्चमधील वर्गणी, दानपेटी व मृत्युपत्रांतील देणग्या यांवरच भागवीत आणि कराचा अवलंब केवळ अडीअडचणीच्या वर्षी करीत. १६३१ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या शासनाने न्यायाधिकाऱ्यांसाठी आदेशांचे पुस्तक प्रसृत करून अंमलबजावणीस गती देण्याचा प्रयत्न केला. सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र निर्धनकर जवळजवळ सर्व देशात नियमितपणे गोळा होऊ लागला. त्या सुमारास या करावरील वार्षिक खर्च सुमारे ४ लाख पौंड होता आणि लोकसंख्येपैकी सुमारे ४ ते ५ टक्के लोकांना नियमित मदत मिळत असे.

पर्यवेक्षकांच्या जतन झालेल्या हिशेबवह्यांवरून या मदतीचे दैनंदिन स्वरूप कळते. नियमित मदत घेणाऱ्यांत वृद्ध विधवा सर्वाधिक असत. त्यांना दर आठवड्याला काही पेन्सपासून सुमारे एक शिलिंगापर्यंत रोख रक्कम मिळे. तेवढ्यात पूर्ण निर्वाह होणे कठीण असे. कातकाम, शेजाऱ्यांची मदत व मुलांची कमाई यांची तीस जोड द्यावी लागे. याखेरीज घरभाडे, सरपण, जोडे, कपडे, आजारपणातील शुश्रूषा, सुईणीचा मोबदला व अंत्यविधीचा खर्च अशी प्रासंगिक मदतही दिली जाई. अनेकदा एका गरीब स्त्रीला दुसऱ्या आजारी गरिबाची सेवा करण्यासाठी पैसे दिले जात. त्यामुळे एकाच रकमेत दोघांची सोय होई.

मदत मिळावी की नाही आणि किती, याचा निर्णय पर्यवेक्षक व पॅरिशची सभा घेत असे. या सभेला ‘व्हेस्ट्री’ म्हणत आणि तीत प्रामुख्याने करदातेच असत. अर्जदाराचे वर्तन, चर्चमधील उपस्थिती, मद्यपान, वडीलधाऱ्यांशी वागणूक या साऱ्यांचा विचार होई. पर्यवेक्षकांनी नकार दिल्यास न्यायाधिकाऱ्याकडे दाद मागता येई आणि न्यायाधिकाऱ्यांनी मदत देण्याचे आदेश दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. करदात्यांच्या तक्रारींवरून १६९१ व १७२३ च्या कायद्यांनी अशा आदेशांवर बंधने घातली. प्रथम पर्यवेक्षकांकडे अर्ज केल्याविना न्यायाधिकाऱ्याकडे जाता येणार नाही, असे १७२३ मध्ये ठरले. तरीही मदत मागणे हा आपला हक्क आहे, अशी भावना गरिबांमध्ये रुजली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी परगावी राहणाऱ्या गरिबांनी आपल्या मूळ पॅरिशला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. मोडक्यातोडक्या स्पेलिंगमधील या पत्रांत विनवणी असते. तशीच, मदत न मिळाल्यास सहकुटुंब गावी परत येऊ आणि मग खर्च अधिक होईल, अशी व्यवहारी सूचनाही असते.

१६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी उजव्या खांद्यावर ‘पी’ हे अक्षर व पॅरिशचे आद्याक्षर असलेला लाल वा निळ्या कापडाचा बिल्ला लावणे बंधनकारक केले. बिल्ला न लावणाऱ्याची मदत बंद करता येई. ही सक्ती सर्वत्र पाळली गेली नाही, परंतु ती १८१० पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.

वसतिहक्क : मदत देण्याची जबाबदारी पॅरिशची, म्हणून कोणता गरीब कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न कळीचा ठरला. १६६२ च्या कायद्यान्वये वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहण्यास आलेल्या नवागताला, तो पुढे भार होण्याचा संभव आहे असे वाटल्यास, ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठविता येई. पुढील कायद्यांनी एक वर्षाची सलग नोकरी, उमेदवारी, स्थानिक कराचा भरणा इत्यादी मार्गांनी नवा वसतिहक्क मिळविण्याची सोय केली. विवाहित स्त्रीला पतीचा वसतिहक्क लाभे. १६९७ पासून मूळ पॅरिशने जबाबदारी मान्य केल्याचे प्रमाणपत्र घेऊन मजुरांना अन्यत्र कामासाठी जाता येऊ लागले.

या नियमांमुळे पॅरिशा-पॅरिशांत अखंड खटले चालत आणि गरिबांवर खर्च होण्याऐवजी बराच पैसा वकील व प्रवास यांवर खर्च होई. मालक वर्षाला काही दिवस कमी भरतील अशा मुदतीने नोकर ठेवीत, म्हणजे नोकराला वसतिहक्क लागू होत नसे. सर्वाधिक जाच अविवाहित गर्भवती स्त्रियांना झाला. अनौरस मूल जेथे जन्मेल तेथील वसतिहक्क त्याला मिळत असल्याने प्रसूती जवळ आलेल्या स्त्रीला हद्दीबाहेर घालविण्याचे प्रयत्न होत. ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये या कायद्यावर कठोर टीका केली आणि एखाद्याला त्याने निवडलेल्या पॅरिशमधून काहीही गुन्हा नसताना घालवून देणे हे नैसर्गिक स्वातंत्र्याचे उल्लंघन होय, असे मत मांडले. प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय कोणालाही हलवू नये, अशी दुरुस्ती १७९५ मध्ये करण्यात आली.

श्रमगृहे : १६१० च्या कायद्याने प्रत्येक परगण्यात सुधारगृह असणे आवश्यक ठरविले होते. त्यापुढे जाऊन गरिबांच्या श्रमातून त्यांचाच खर्च भागवावा, ही कल्पना सतराव्या शतकाच्या अखेरीस बळावली. ब्रिस्टल नगराने १६९६ मध्ये सर्व पॅरिशांचे एक मंडळ स्थापन केले. जॉन लॉक याने १६९७ मध्ये व्यापार मंडळाला सादर केलेल्या टिपणात, तीन वर्षांवरील गरीब मुलांना कातकामाच्या शाळांत घालावे, अशी सूचना केली. तिचा कायदा झाला नाही. डॅन्यल डीफो याने १७०४ मध्ये या योजनांतील मूळ दोष दाखवून दिला. श्रमगृहातील सुतामुळे एकूण मागणी वाढत नाही, केवळ बाहेरच्या कातणाऱ्याचे काम हिरावले जाते, असा त्याचा युक्तिवाद होता.

१७२३ च्या कायद्याने पॅरिशना श्रमगृहे उभारण्याची किंवा ती ठेकेदाराकडे सोपविण्याची मुभा दिली. श्रमगृहात येण्यास नकार देणाऱ्याची मदत बंद करण्याचा अधिकारही त्यांना मिळाला. १७७६-७७ मध्ये संसदेने मागविलेल्या माहितीनुसार देशात सुमारे २,००० श्रमगृहे होती. त्यांच्यापासून नफा क्वचितच झाला. कालांतराने बहुतेक श्रमगृहांत वृद्ध, आजारी व बालके यांचाच भरणा राहिला. लंडनच्या श्रमगृहांतील अर्भकांचे मृत्युप्रमाण अत्यंत भयावह होते. जोनस हॅनवे या व्यापारी समाजसेवकाने त्याचा पाठपुरावा करून आकडेवारी गोळा केली. तिच्या परिणामी १७६२ मध्ये अर्भकांची नोंद ठेवणे आणि १७६७ मध्ये त्यांना शहराबाहेर दायांकडे ठेवणे बंधनकारक झाले. पॅरिशच्या ताब्यातील अनेक मुलांना पुढे सूतगिरण्यांत उमेदवार म्हणून पाठविण्यात आले. त्यांच्या स्थितीमुळेच १८०२ चा कायदा झाला; ब्रिटनमधील कारखाना कायद्यांची सुरुवात त्यापासून मानली जाते.

धर्मादाय व परस्परसाहाय्य : कराबरोबरच खाजगी दानही चालू राहिले. धर्मादाय निधीचा दुरुपयोग रोखणारा स्वतंत्र कायदा १६०१ मध्येच झाला होता. व्यापारी व जमीनदार आपल्या मृत्युपत्रांत गरिबांना दरवर्षी पाव वा कापड वाटण्यासाठी, वृद्धांसाठी निवासगृहे बांधण्यासाठी किंवा मुलांच्या उमेदवारीसाठी रकमा ठेवीत. आगीने वा पुराने उद्ध्वस्त झालेल्या गावासाठी राजाज्ञेने देशभरातील चर्चांतून निधी गोळा होई. लंडनमध्ये टॉमस कोरम याच्या प्रयत्नाने १७३९ मध्ये सनद मिळून टाकलेल्या बालकांचे रुग्णालय स्थापन झाले. १७५६ ते १७६० या काळात संसदेच्या अनुदानावर तेथे कोणतेही मूल घेण्याचे धोरण ठेवले, तेव्हा सुमारे १५,००० मुले आली. परंतु त्यांपैकी एक-तृतीयांशाहूनही कमी मुले उमेदवारीच्या वयापर्यंत जगली.

गरिबांचे स्वतःचे आधारही होते. सुगीनंतर शेतात पडलेली कणसे, म्हणजे सरवा, वेचण्याची रूढी स्त्रिया व मुले यांना काही आठवड्यांचे धान्य मिळवून देई. गावाच्या सामाईक रानातून सरपण व गुरांना चारा मिळे. १७८८ मध्ये न्यायालयाने सरवा वेचण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाकारला आणि सामाईक जमिनींना कुंपणे पडत गेली, तेव्हा हे आधार आक्रसले. कारागिरांनी वर्गणी गोळा करून आजारपण व मृत्यू यांसाठी परस्परसाहाय्य संघ काढले. त्यांना १७९३ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली.

अठराव्या शतकाची अखेर : लोकसंख्या पुन्हा झपाट्याने वाढू लागली, धान्याचे भाव चढले व घरगुती कातकाम यंत्रांपुढे टिकेनासे झाले. दक्षिणेतील शेतमजूर हिवाळ्यात बेकार राहू लागले. १७८२ च्या गिल्बर्ट कायद्याने अनेक पॅरिशना एकत्र येण्याची मुभा दिली आणि त्यांची गृहे वृद्ध, आजारी व अनाथ यांच्यापुरती ठेवून धडधाकटांना बाहेरच काम देण्याचे तत्त्व स्वीकारले. ६ मे १७९५ रोजी बर्कशर परगण्यातील न्यायाधिकाऱ्यांनी स्पीनमलँड येथे भरलेल्या सभेत पावाच्या किमतीशी निगडित असे मदतीचे कोष्टक ठरविले. सुमारे ४ किग्रॅ. वजनाच्या पावाची किंमत एक शिलिंग असल्यास पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग आणि पत्नी व प्रत्येक मुलासाठी दीड शिलिंग इतके उत्पन्न मिळावे व कमी पडणारी रक्कम निर्धनकरातून द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. हा संसदेचा कायदा नव्हता. तथापि अशा प्रकारच्या पद्धती इतरत्रही आढळतात. निर्धनकराचा वार्षिक खर्च १७७६ मध्ये सुमारे १५ लाख पौंड होता. तो १८०३ मध्ये ४० लाखांवर आणि १८१८ मध्ये जवळजवळ ८० लाखांवर गेला.

या वाढीबरोबर टीकाही तीव्र झाली. जोसेफ टाउनसेंड याने १७८६ मध्ये, भूक हीच श्रमाची खरी प्रेरक असल्याचे सांगून कायद्याने दिलेल्या मदतीस विरोध केला. टॉमस रॉबर्ट मॅल्थस याने १७९८ मध्ये, अन्न न वाढविता लोकसंख्या वाढविणारे हे कायदे गरिबांनाच निर्माण करतात, असे मत मांडले. याउलट टॉमस पेन याने १७९२ मध्ये निर्धनकर रद्द करून राष्ट्रीय उत्पन्नातून मुलांसाठी अनुदान व वृद्धांसाठी निवृत्तिवेतन द्यावे, तेही दान म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, अशी योजना मांडली. फ्रेडरिक मॉर्टन ईडन याने १७९७ मध्ये गरिबांच्या स्थितीची त्रिखंडात्मक पाहणी प्रसिद्ध केली. अखेर टीकाकारांची बाजू वरचढ ठरून १८३४ च्या कायद्याने पॅरिशांचे संघ केले आणि धडधाकटांना कठोर शिस्तीच्या श्रमगृहातच मदत देण्याचे तत्त्व स्वीकारले.

मूल्यमापन : या व्यवस्थेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सिडनी व बिअट्रिस वेब यांनी १९२७ ते १९२९ या काळातील आपल्या ग्रंथात तिच्यातील दडपशाहीवर भर दिला. स्पीनमलँडसारख्या पद्धतीमुळे मजुरी घटली व आळस वाढला, हा १८३४ च्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मार्क ब्लाउग याने १९६३ मध्ये आयोगाची आकडेवारी तपासून तो निष्कर्ष पुराव्याला धरून नसल्याचे दाखविले. मदत हा अल्प मजुरीचा व हंगामी बेकारीचा परिणाम होता, कारण नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. इंग्लंडमध्ये उपासमारीने मोठ्या प्रमाणावर मृत्यू होण्याची शेवटची मोठी घटना १६२३ मध्ये वायव्य भागात घडली. फ्रान्समध्ये १६९३-९४ चा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा इंग्लंड तशा संकटातून वाचले. याचे श्रेय शेतीतील सुधारणा व धान्यव्यापार यांना जाते. तसेच पिके बुडालेल्या वर्षी गरिबाच्या हाती धान्यखरेदीपुरता पैसा देणाऱ्या करव्यवस्थेलाही त्यात वाटा दिला जातो. मात्र मदत करणाऱ्याची सत्ता आणि घेणाऱ्याची लाचारी यांतून तिची कधीच सुटका झाली नाही. पुअर लॉची उरलीसुरली व्यवस्था १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने संपुष्टात आली.

ब्रिटिश अंमलातील भारतात मात्र असा कायदा जाणीवपूर्वक टाळण्यात आला. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई व मद्रास इलाख्यांत काढलेल्या मदतकामांवर कठोर श्रमाची व दूरच्या छावणीत राहण्याची अट घालणे, हे पुअर लॉमधील ‘कसोटी’च्या तत्त्वाचेच अनुकरण होते. १८७७ मध्ये मजुरीत केलेल्या कपातीविरुद्ध पुणे सार्वजनिक सभेने आवाज उठविला. परंतु दुष्काळात मदत मिळणे हा हक्क मानला, तर तो सर्वकाळचा हक्क मानावा लागेल, या भीतीने १८८० च्या दुष्काळ आयोगाने ते तत्त्व नाकारले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेला आणि १९७९ पासून अंमलात आलेला १९७७ चा रोजगार हमी कायदा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मागेल त्याला काम पुरविण्याचे बंधन त्याने शासनावर घातले आणि आयोगाने नाकारलेले हक्काचे तत्त्व ग्रामीण रोजगारापुरते मान्य केले.